इंदुताईंच्या मशीनसाठी

वर्षा आडे शिडी चढून गच्चीवर पोचली तेव्हा सदाशिवराव भोयर खाली अंगणात कमरेवर हात ठेवून उभे होते. आर्णीत नवं घर बांधून त्यांना चार वर्षं झाली होती. कापूस-तुरीची शेती आता मुलगा बघत होता आणि सदाशिवरावांच्या डोक्यात सोलरनं घर केलं होतं.

"देवरावनं दुकानातून बाई काहून पाठवली?" त्यांनी रवीला विचारलं.

रवी चाळिशीतला, वर्षाचा कामातला जोडीदार. तो मोजमापाचा टेप सोडवत म्हणाला, "काकाजी, मिस्त्री थेच आहे. मी तिच्या हाताखाली आहो."

सदाशिवराव लगेच शिडी चढून वर आले. बाई काय करते ते डोळ्यानं बघायचं होतं त्यांना.

वर्षाला याची सवय होती. तिचा बंजारा तांडा आर्णीपासून फार दूर नाही. वडील खेमसिंग यांची चार एकर सोयाबीन. दहावीनंतर तिनं यवतमाळच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा अर्ज भरला तेव्हा तिची याडी, म्हणजे आई लालीबाई, तीन दिवस बोलली नव्हती. शिवणकाम सोडून पोरगी तारांत हात घालणार! खेमसिंग मात्र एवढंच म्हणाले होते, "आपले लोक बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडत होते. हिले खांबापर्यंत जाऊ द्या." पुढं लग्नही तांड्यावरच्याच राजकुमारशी झालं, तो वीज कंपनीत लाईनमन. घरात दोघंही वायरीतलेच. तांड्यावर कुणाचा पंखा बंद पडला की आधी तिलाच हाक जाते.

देवराव गावंडेच्या सोलरच्या दुकानात ती सहा वर्षांपासून प्लेटा बसवत होती.

गच्चीवर तिनं पहिलं काम केलं ते खडू काढायचं. सकाळचे दहा वाजले होते. पाण्याच्या टाकीची सावली जिथं पडली होती तिथं तिनं रेघ मारली. बारा वाजता दुसरी, तीन वाजता तिसरी. मधल्या वेळात हातोडीच्या दांड्यानं स्लॅब ठोकत फिरली. एका कोपऱ्यात आवाज पोकळ आला, तिथं फुली मारली.

"प्लेटा पुढच्या बाजूनं लावा," सदाशिवराव म्हणाले. "रोडवरून दिसल्या पायजे."

"काकाजी, पुढं टाकीची सावली येते. आता हे एवढी आहे. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलला की याच्या दीडपट होईन."

"एखाद्या प्लेटवर आली सावली तं काय बिघडते?"

"रांगेत चाललेल्या बैलांतला एक अडला की मागचे सारे थांबते. प्लेटायचंही तसंच आहे." तिनं मागच्या बाजूला हात केला. "इथी लावू. रोडवरून दिसणार नाई, पण वीज बनन. आणि हा अर्धा भाग मोकळा सोडू, काकूच्या कुरड्या कुठी वाळन?"

सदाशिवरावांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग स्वतःच खडूच्या रेघांवर उभं राहून टाकीकडे बघत राहिले.

चहाला खाली बोलावणं आलं. सदाशिवरावांच्या पत्नी इंदुताईंनी कप हातात दिला. त्या बोलता बोलता थांबत, श्वास घेत आणि पुन्हा बोलत. दम्याचा जुना त्रास. खाटेजवळच्या स्टुलावर वाफेचं मशीन ठेवलेलं होतं.

"आता बरं होईन बाई," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात दुपारची लाईट जाते अन् माहा जीव घाबरते. देवरावभाऊ म्हणे, सोलर लावलं की लाईट गेली तरी मशीन चालू राहीन. म्हणून तं हे लावून राह्यले."

वर्षाचा कप ओठांपाशी थांबला.

देवरावनं तिला निघताना बजावलं होतं : मोजमाप तुझं, बोलणं माझं. आणि खरं सांगायचं तर या घरानं 'हो' म्हटलेलंच होतं. ती चहा पिऊन गप उठली असती तर कुणालाही काही कळलं नसतं. उन्हाळ्यापर्यंत तरी.

तिनं कप खाली ठेवला.

"काकू, ते बरोबर नाई. जे सोलर तुमच्या घरी लागून राह्यलं नं, ते लाईट गेली की आपोआप बंद होते. डोक्यावर कितीही ऊन असो."

"काय?" सदाशिवराव ताडकन उठले. "ऊन आहे, प्लेटा आहे, मग बंद कायले होते?"

"लाईट गेली म्हणजे खांबावर माणूस चढला असते, काकाजी. त्याले वाटते तार मेली आहे. तुमच्या गच्चीवरची वीज मागून त्या तारेत गेली तं तो माणूस मरन. म्हणून ते सोलर सोताच बंद होते. तसं बनवलंच आहे. माहा नवरा खांबावर चढते. म्हणून मले हे पाठ आहे."

सदाशिवराव वाफेच्या मशीनकडे बघत पुन्हा खाली बसले.

"काकूचं मशीन चालवाचं असन तं बॅटरीवालं वेगळं इन्व्हर्टर पायजे," वर्षा पुढं म्हणाली. "ते लाईट गेली की घराले बाहेरच्या तारेपासून तोडून टाकते अन् काकूची खोली बॅटरीवर चालवते. सारं घर नाई चालणार. एक खोली चालन."

सदाशिवरावांनी तिच्यासमोरच देवरावला फोन लावला आणि काम रद्द केलं.

दुकानात देवराव तिची वाटच बघत होता. "तुले कोणं बोलाले सांगतलं?"

"त्या बाईचा श्वास त्या मशीनवर आहे, भाऊ."

"मंग तिच्याच घरी काम कर. उद्यापासून इथी येऊ नको."

वर्षानं पिशवीतलं दुकानाचं ड्रिल काढून टेबलावर ठेवलं, स्वतःचे पाने-पकड घेतले आणि निघाली. रस्ताभर तिचे कान तापलेले होते. घरी राजकुमारनं सगळं ऐकून घेतलं, जेवता जेवता एवढंच म्हणाला, "बरं केलं." पण पुढचे दिवस जड गेले. तांड्यावर तिला दिवसा घरी बघून बायका विचारत, "काहून वं, सुट्टी काय?" ती हसून टाळायची. केलं त्याचा पस्तावा नव्हता. काम गेल्याचं मात्र मनात टोचत होतं. गच्चीवर उभं राहून ऊन मोजायचं काम तिला मनापासून आवडायचं.

पाचव्या दिवशी सदाशिवराव मोटारसायकलवर तांड्यावर आले. खेमसिंगनं खाट टाकली.

"मी यवतमाळले गेलतो," ते म्हणाले. "दोन दुकानं पाह्यली. दोघायनंही तेच सांगतलं, लाईट गेली तरी चालन म्हणे. मंग वीज कंपनीच्या इंजिनियरले विचारलं. तो म्हणे, ज्यानं तुमाले बंद होते म्हणून सांगतलं, त्याच्याच हातून काम करून घ्या." त्यांनी घसा खाकरला. "देवरावले सांगून आलो. बॅटरीवालं लावतो, पण मिस्त्री तूच पायजे."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. देवराव पाठमोरा उभा राहून काहीतरी शोधत होता. त्यानं वळून ड्रिल पुढं केलं. "सामान गाडीत भरलं आहे," म्हणाला. तेवढंच.

काम सुरू करायच्या आधी वर्षानं नवरा-बायकोला समोर बसवलं. दोन दिवस ड्रिलची धूळ उडेल, तेव्हा काकूंनी लेकीकडे जाऊन राहावं. अंगणात अर्थिंगचे खड्डे होतील, तुळशीपासून लांब खणू. प्लेटा बसल्या म्हणजे वीज सुरू झाली असं नाही. मीटर बदलायला कंपनीची माणसं येतील, त्याला कधी पंधरा दिवस लागतात, कधी महिना. पावसाळ्यात ढग असले की वीज कमी बनते, तेव्हा बिघडलं म्हणून घाबरायचं नाही. महिन्यातून दोनदा सकाळी ऊन चढायच्या आत प्लेटा साध्या पाण्यानं धुवायच्या, तापल्यावर गार पाणी टाकायचं नाही. सदाशिवराव शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते.

फुली मारलेल्या कोपऱ्यात तिनं एकही होल मारू दिलं नाही. रवी कुरकुरला, तिथं प्लेटांच्या सांगाड्याचा पाय टेकवला तर काम अर्ध्या दिवसात संपतं. तिनं पाय बीमवर घेतले, खाली सिमेंटचे ठोकळे ओतले आणि एक दिवस जास्त घालवला. प्रत्येक नट तिनं स्वतः आवळला. शेवटी इंदुताईंच्या खोलीची वायर वेगळी काढून तिनं मेन स्विच पाडला. घरभर पंखे थांबले. त्या एका खोलीतला फिरत राहिला. लेकीकडून परतलेल्या इंदुताई दारात उभ्या राहून त्या पंख्याकडे कितीतरी वेळ बघत होत्या.

मीटर यायला सव्वीस दिवस लागले. त्या दिवसांत सदाशिवरावांचा पारा दोनदा चढला. दोन्ही वेळा वर्षा वाकडी वाट करून घरी आली, कागद कुठपर्यंत पोचले ते सांगून गेली.

मे महिन्यात एका दुपारी आर्णीवर वावटळ आली. बाजारातले पत्रे उडाले, दोन खांब वाकले, वस्तीतली लाईट गेली ती चार तासांसाठी. धुळीनं इंदुताईंचा दम उसळला. वर्षा तेव्हा एका दुसऱ्या गच्चीवर पसरलेल्या वायरी गोळा करत होती. फोन वाजला. पलीकडून आधी मशीनची घरघर ऐकू आली, मग सदाशिवरावांचा आवाज.

"पोरी, चालू आहे. ऐकू येऊन राह्यलं नं?"

"येऊन राह्यलं, काकाजी."

ती तिथंच टाकीला टेकून बसली. डोळे पुसायला हात वर केला तर हात धुळीनं माखलेला. रवीनं मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

त्यानंतर वस्तीत लोक दुकानाचं नाव सोडून तिचं नाव घेऊ लागले. देवरावनंही गच्ची बघायचं आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं, दोन्ही कामं तिच्याकडेच दिली. परवा ती ढाणकीला रुपीबाई नावाच्या एका बाईच्या घरी जाऊन आली, दीड तासाचा प्रवास करून. संध्याकाळी दुकानात परतली तशी देवरावनं विचारलं, "काय झालं? ऑर्डर?"

"नाई. पत्रे गंजले आहे त्यायचे, वजन झेलणार नाई. म्या सांगतलं, आधी छत नीट करा, मंग बोलवा."

देवरावनं तिच्याकडे पाहिलं. मग वही ओढून रुपीबाईच्या नावापुढं 'छत झाल्यावर' असं लिहिलं आणि चहा सांगायला बाहेर गेला.