तोंडातलं अस्तर

मायला संशय होता की वहिनी तिला मुद्दाम तिखट खाऊ घालते. वहिनीला संशय होता की माय तिला घरातून काढायला बघते. आणि मला दोघींचाही संशय होता. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी ताट वाढलं की सगळे अन्नाकडं बघायच्या आधी एकमेकांच्या हातांकडं बघायचे.

आमचं गाव जालन्याच्या जवळ. दादा मोटारसायकलवर एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला जातो आणि मी गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घराण्यातून कॉलेजात गेलेली पहिली मी. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं. हे मी न विचारताही सांगते, आणि सांगताना मला बिलकुल संकोच वाटत नाही.

वर्षाचं तिखट करायचं काम आजवर मायचं. मिरची तिनं हातात घेऊन, वास घेऊन निवडायची, देठं तिनंच काढायची आणि कांडप यंत्रापाशी पदर नाकाला लावून शेवटपर्यंत उभं राहायचं. औंदा तिचे गुडघे धरले म्हणून पहिल्यांदाच मिरची वहिनीनं आणली, कुटूनही तिनंच आणली. त्या तिखटाची पहिली आमटी मायनं तोंडात घातली आणि ताट सरकवलं.

"काय टाकलंस गं ह्यात?"

"तिखटच टाकलंय, आत्याबाई. रोजच्याइतकंच."

"रोजच्याइतकं अस्तं तर अशी आग झाली नसती. ब्याडगी म्हणून लवंगी कुटून आणलीस तू."

दादा म्हणाला, "माय, मला तर सपक लागून राह्यलं."

"तुला लागंल सपक. बायकोच्या हातचं समदं गोडच लागतंय तुला."

तिथून सुरू झालं. माय पिठलं बोटावर घेऊन चाखायची, थुंकायची आणि दह्यात भाकर कुस्करायची. घरातलं घरात राहिलं असतं तर चाललं असतं. पण मायनं ते पिठाच्या गिरणीवर चार बायकांत सांगितलं, आणि गिरणीवर सांगितलेलं, दळण घरी यायच्या आधीच, गावभर होतं. एका बाईनं मला रस्त्यात अडवून विचारलं, "मास्तरीणबाई, तुमची वहिनी सासूला काय घालून राह्यली म्हणं?" वहिनी माझ्या मागंच होती. त्या दिवसापासून ती गिरणीवर जायची बंद झाली. दळण मी न्यायला लागले.

दादा आधी हसण्यावारी न्यायचा. मग गप्प बसायला लागला. आणि एका रविवारी चहा पिता पिता वहिनीला म्हणाला, "तू चार दिवस तीर्थपुरीला जाऊन ये. जरा निवळंल समदं."

वहिनी चुलीपुढून उठली नाही. "चार दिवस म्हणून माहेरी गेलेल्या बायका म्या पाह्यल्यात. मंग आणायला कोणी येत न्हाई. ह्या नावावर मी उंबऱ्याबाहेर पाय टाकणार न्हाई. आधी माझं नाव साफ करा."

खरं सांगायचं तर तोवर माझाही वहिनीवर थोडा संशय होता. म्हणून मी एक केलं. दुकानातून तिखटाची पुडी आणली, वहिनीला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही आणि चिमूटभर तिखटाची वांग्याची भाजी स्वतः केली. मायला सांगितलं नाही. तिनं घास घेतला, डोळ्यात पाणी आलं.

"हिचं काई सुधरत न्हाई."

"माय, भाजी मी केली."

तिनं पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाली, "तिनंच शिकवून धाडलं असंल तुला."

म्हणजे आता मीसुद्धा कटात होते. पण त्या दिवसापासून मी भाजीकडं बघायचं सोडून मायकडं बघायला लागले. ती एकाच बाजूनं चावत होती. हसली तर तोंडावर पदर घेत होती. आणि डाव्या गालात, जिथं ती वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ मिश्री धरून बसते, तिथं चूळ भरताना तिचा चेहरा आक्रसायचा. मिश्री म्हणजे तव्यावर जाळलेला तंबाखू. आमच्याकडच्या बायका ती दाताला लावतात आणि त्याला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात.

"माय, तोंड उघड बरं."

"म्हैस हाय का मी, बाजारात दात बघाया?"

बॅटरी घेऊन गेले तर तिनं तोंड फिरवलं. दादानं दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाली, "झालं. सुनेचं झाकाया मला आजारी पाडा आता." ती डॉक्टरलाही वहिनीच्या बाजूचा समजत होती, आणि तो अजून कोण हे ठरलंही नव्हतं.

शाळा सुरू झाली. नववीला ऊतींचा धडा आला. मुलांना मी आमच्या भाषेत सांगते. अभिस्तर म्हणजे शरीराचं अस्तर. बाहेरून कातडी, आतून प्रत्येक पोकळीला आणि नळीला. पण सगळीकडं अस्तर एकसारखं नाही. फुप्फुसात जिथून हवा रक्तात जाते तिथं चपट्या पेशींचा एकच पापुद्रा, कारण तिथं जाड भिंत कामाची नाही. मूत्रपिंडाच्या नळ्यांत चौकोनी ठोकळ्यांसारख्या पेशी, त्या लागेल ते परत ओढून घेतात. आतड्यात उंच खांबांसारख्या, त्या पचलेलं शोषतात. श्वासनळीत पेशींवर बारीक केस, ते धूळ वरवर ढकलत राहतात. दादाच्या कारखान्यातली धूळही तेच झाडतात, झेपेल तोवर. काही पेशी घाम, लाळ असं काहीतरी पाझरवतात. आणि जिथं रोजची घासाघीस आहे, म्हणजे कातडी, तोंड, अन्ननलिका, तिथं थरावर थर. वरचा झिजतो, खालून नवा येतो.

हे बोलता बोलता मला मायचा गाल दिसायला लागला. वरचा थर रोज जाळून काढला तर खालचा कुठवर पुरणार?

धड्यानंतर गालातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतात. मी घरी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "माय, शनिवारी दुपारी शाळेत ये. तुझ्या तोंडातलं अस्तर यंत्रातून दाखवते."

तिनं विचार केला. तिला यंत्राची उत्सुकता होती, हे मला दिसत होतं. पण अट घातली. "हिचं बी काढ. माझं एकटीचं काढून तुम्ही दोघी मिळून काय बी सांगताल."

"काढा की," वहिनी आतून म्हणाली. "माझ्या तोंडात काय विष हाय का, ते बी बघा."

मला पेशींची फार गरज नव्हती. त्यातून आजार ओळखू येत नाही, तेवढं मी शिकलेली आहे. मला फक्त मायनं उजेडात तोंड उघडायला हवं होतं.

शनिवारी प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी तिला बसवलं. कापसाच्या काडीनं उजव्या, चांगल्या गालातून अलगद घेतलं. आणि डावीकडं बघून घेतलं. आत पांढरा, खरबरीत चट्टा होता, आणि त्याच्या कडेला लालभडक, सोललेलं. वहिनीनंही पाहिलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, आणि मायनं ते बराबर टिपलं.

"काय खुणा करून राह्यल्यात गं?"

"बघ आधी," मी म्हटलं. काचेवर निळा रंग टाकून भिंग लावलं. मायनं एक डोळा मिटला, बराच वेळ बघितलं. निळसर चपट्या फरश्या, प्रत्येकीत एक ठिपका. मग वहिनीची काच लावली. मग माझी. ती पुन्हा पहिल्या काचेवर आली.

"ह्यातलं माझं कोणतं?"

"हे. ते वहिनीचं."

"फरक कुठाय मंग?"

"न्हाई फरक."

"मंग तिखट मलाच का लागून राह्यलं?"

ह्याच प्रश्नासाठी मी एवढा घाट घातला होता. मी तिच्या टाचेला हात लावला. "ही कातडी अशी टणक का झाली? घासून घासून. तसंच तुझ्या डाव्या गालात झालंय. मिश्रीनं तिथलं अस्तर टाचेसारखं पांढरं आन् जाड झालंय, आन् बाजूला पार सोललंय. सोललेल्यावर काय बी टाकलं तरी आग होणारच. पुढं त्याचं काय होईल, ते डॉक्टरच सांगंल. मला न्हाई सांगता येत."

माय उठली, पदर सारखा केला. "जालन्यात मस्तगडाकडं दाताचा डॉक्टर हाय म्हणत्यात," एवढंच म्हणाली.

सोमवारी आम्ही तिघी जालन्याला गेलो. डॉक्टर तरुण होते, घाई न करणारे. त्यांनी आरसा घालून पाहिलं आणि विचारलं, "आजी, तिखट कधीपासून लागतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मायच बोलली. "मागल्या साली दिवाळीपासून."

वहिनीची मान झटकन वर झाली. दिवाळीला घरात जे तिखट होतं ते मायनं स्वतः कुटलेलं होतं, आणि स्वयंपाकही तेव्हा माय करत होती.

"तेव्हा का नाही आलात?"

माय खिडकीकडं बघत म्हणाली, "माझ्या बहिणीला असंच झाल्तं. ती दवाखान्यात गेली, ती आलीच न्हाई. म्हणून म्या म्हणलं, तिखटच असंल. हिच्या मिरचीचंच असंल."

म्हणजे तिचा पहिला संशय स्वतःच्या तोंडावर होता. तो सहन झाला नाही म्हणून तिनं वहिनीवर टाकला.

डॉक्टरांनी गाल बधिर करून बारीक तुकडा काढला, तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत घरात कोणी नीट जेवलं नाही. निकाल आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, पण थरांतल्या काही पेशी बदलायला लागल्यात. मिश्री आजपासून बंद, आणि बोलावीन तेव्हा दाखवायला यायचं.

वहिनी मात्र तेवढ्यावर निवली नाही. घरी येऊन तिनं मायला पाणी दिलं आणि म्हणाली, "आत्याबाई, तुमचा निकाल बरा आला, मला बी बरं वाटलं. पण गिरणीवर जे म्हणलात, ते घरात माघारी घेऊन भागायचं न्हाई."

मायनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, हेही गिळलं हिनं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः ज्वारीचं गाठोडं उचललं, गुडघे दुखत असताना, आणि वहिनीला म्हणाली, "चल." मी मागं गेले. गिरणीवर त्याच बायका होत्या. एकीनं वहिनीला बघून कोपरानं दुसरीला ढोसलं. मायनं गाठोडं खाली ठेवलं, गिरणीचा आवाज थांबायची वाट बघितली, आणि बोटानं डावा गाल ओढून तोंड उघडलं.

"या, बघा जवळून. मिश्रीनं झालंय. हिच्या तिखटाचा काई संबंध न्हाई."

बायका एकेक करून वाकल्या. बघून झालेली प्रत्येक जण हळूच आपल्या गालावरून आतून जीभ फिरवत होती.