जामीनदाराच्या रकान्यात

सेनगावच्या आसपास पगारदार असणं म्हणजे गावाचा जामीनदार असणं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझा पगार किती, हे माझ्यापेक्षा गावालाच जास्त पाठ. कुणाला बँकेतून कर्ज काढायचं असलं की तो मला चहाला बोलवायचा, इकडचं तिकडचं बोलायचा आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणायचा, "सर, फक्त एक सही पायजे." नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही. खरं सांगायचं तर ते विचारणं मला आवडायचं. काम झालं की जामीनदाराला टोपी-टॉवेल द्यायची आमच्याकडे पद्धत. डोक्यावर टोपी, खांद्यावर कोरा टॉवेल अशा थाटात मी घरी यायचो आणि बायकोला सांगायचो, शाळेत सत्कार झाला.

बायको आरोग्य उपकेंद्रात सिस्टर आहे. लग्नाला सतरा वर्षं झाली, तेवढ्या काळात आम्ही पाच भाड्याची घरं बदलली. शेवटच्या घरमालकाने तिची मोगऱ्याची कुंडी पायरीवरून उचलून रस्त्याकडेला नेऊन ठेवली. त्या दिवसापासून तिने स्वतःच्या घराचं मनावर घेतलं. प्लॉट घेऊन झाला, राहिलं बांधकामाचं कर्ज. आमच्या दोघांच्या डोक्यावर कसलाच हप्ता नव्हता, त्यामुळे कर्ज खिशात असल्यासारखाच मी बायकोला घेऊन बँकेत गेलो. अर्ज अर्थातच माझ्या नावाने भरला होता. दुसरं काही आम्हाला सुचलंच नव्हतं.

बँकेच्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. "सर, तुम्ही तीन कर्जांना जामीन आहात. दोन खाती व्यवस्थित आहेत. तिसऱ्याचे पाच हप्ते थकलेत, आणि ती थकबाकी तुमच्या नावापुढेही दिसते. फाईल पुढे जाणार नाही."

"पण ते कर्ज मी घेतलेलं नाही," मी म्हणालो.

"त्यांनी नाही भरलं तर मी भरीन, असं तुम्ही लिहून दिलंय ना?"

जामीनदार म्हणजे साक्षीदार, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. माणूस चांगला आहे एवढं सांगितलं की आपलं काम संपलं! बायकोने स्क्रीनवरची तिन्ही नावं वाचली आणि हळूच म्हणाली, "म्हंजे घरातले ते टॉवेल..." मी पंख्याकडे बघत बसलो.

घरी आल्यावर, ते पाच हप्ते मीच गुपचूप भरून टाकतो, असं मी सुचवलं तेव्हा ती उसळली. "भरा की! उद्या अख्खं सेनगाव हप्ते थकवून बसंल. आधी त्या मामाकडं चला."

हे मामा म्हणजे शेळ्या-मेंढ्या पाळणारे. थकलेलं तिसरं कर्ज त्यांचंच, शेळ्यांसाठी काढलेलं; त्यावर मी सही केली होती. आम्हाला बघून त्यांना कोण आनंद झाला! घोंगडं अंथरलं, शेळीच्या दुधाचा चहा ठेवला, साखर कमी की जास्त ते विचारलं. इकडे आमचं घर अडलंय आणि हा माणूस साखर विचारतोय, म्हणून माझं डोकं फिरलं. "मामा, पाच हप्ते भरले न्हाईत तुमी!"

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "तकलीफ काहून करून घेता, सर? बँकेचे पैसे बराबर हायेत. ते बघा, चरून राहिलेत."

कुंपणाशी पाच बोकड चरत होते. पाचांच्याही पाठीवर गेरूचा पट्टा. ते बँकेचे. बकरी ईदला भाव चांगला येतो, तेव्हा ते विकून वर्षाचं सगळं एकदम भरायचं, असा मामांचा हिशेब होता. व्यापाऱ्यांशी त्यांचा व्यवहार जन्मभर असाच चालला होता. देणंघेणं सगळं ईदला. बँकेची पत्रं त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. त्यांना वाटलं, बँक खुशाली विचारते.

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. बायकोने आमच्या घराच्या कर्जाचं सांगून विचारलं, "मामा, आत्ता इकले तर?"

"ईदला हे पाच हप्ते तिनात भागले असते, बाई. आत्ता त्यालाच पाचीबी जातील." मग त्यांनी विचारलं, "तुमचं घर अडलंय व्हय यानं?"

"व्हय."

पुढच्या बाजाराला मामांनी पाचही बोकड विकले. मला फार वाईट वाटलं. बायकोने मात्र हळहळत न बसता त्यांच्या वतीने अर्ज लिहिला आणि साहेबांना विचारलं, "यांची कमाई वर्षातून एकदा, मग हप्ता महिन्याला काहून?" साहेब म्हणाले, वार्षिक करता येतो, कर्ज घेताना कुणी विचारलंच नाही. कर्ज घेताना मी तिथेच होतो.

दोन महिन्यांनी माझं नाव स्वच्छ झालं आणि आम्ही बँकेत नवा अर्ज भरायला बसलो. मी सवयीने कर्जदाराच्या रकान्याकडे पेन नेलं. बायकोने ते काढून घेतलं.

"साहेब, निस्त्या माझ्या पगारावर बसतं का कर्ज?"

साहेबांनी आकडे टाकून पाहिले. "बसतं की. एक चांगला जामीनदार लागेल."

तिने स्वतःचं नाव लिहिलं, कागद माझ्यापुढे सरकवला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हितं करा सही. सवय हाय तुमाला."

साहेब खो खो हसले. मी पेन टेकवणार, तोच तिने कागदावर हात ठेवला. "आधी वाचा."

तीन पानं होती. मी एकेक ओळ मोठ्याने वाचली, आणि अडलं तिथे ती साहेबांना विचारत गेली. तिने कर्ज फेडलं नाही तर ते फेडायची जबाबदारी माझी, हे वाक्य आलं तेव्हा ते मी पुन्हा एकदा वाचलं. सतरा वर्षांत तिच्यासाठी मी असं काहीच कधी लिहून दिलं नव्हतं. सही जरा मोठीच झाली, रकान्याच्या बाहेर गेली.