काठावरची डावखुरी

धुकं इतकं दाट होतं की समोरच्या न्हाव्याचं दुकान उघडल्याचं नुसत्या कात्रीच्या आवाजावरून कळत होतं. फ्रेमवाल्याने दिवा लावला, गिऱ्हाइकाचा भलामोठा आरसा भिंतीला टेकवला आणि लाकडी पट्ट्या कापायला घेतल्या.

समोरच्या भिंतीवर त्याचा खरा संसार होता. कालव्याची एकोणचाळीस चित्रं, सगळी एकाच चित्रकाराची. तो पठ्ठ्या रोज काठावर बसायचा, दिसेल ते मेण चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडायचा, पत्रा तेजाबात बुडवायचा आणि त्यावरून कागद छापायचा. छापताना डाव्याचं उजवं व्हायचं, त्यामुळे गिरणीचं धुराडं प्रत्येक चित्रात भलत्याच काठावर. ही गंमत फ्रेमवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

तो चार वर्षांचा असताना आई कपड्यांचं बोचकं घेऊन कालव्यावर गेली, ती गेलीच. बोचकं तेवढं सापडलं. तिचा एकही फोटो नव्हता. पण त्या चित्रकाराने तिला कधीतरी टिपलं असेलच, या आशेवर त्याने जुने बाजार पालथे घातले, भिंग लावून लावून डोळे अधू करून घेतले. खूण एकच, आई डावखुरी होती.

"परक्या बायका भिंतीला टांगतोस," डबा घेऊन आलेली ताई म्हणाली, "तुझी बायको अजून नांदतेय हेच नवल."

तो हसून मान वर करतो तो आरशात त्याला त्याने विकत घेतलेलं पहिलंच चित्र दिसलं. त्यावर तारीख होती आई गेली त्याच दिवसाची. आकडे तेवढे चित्रकाराने मुद्दाम उलटे कोरले होते, म्हणून छापात सुलटे आलेले. पायरीवरच्या बाईने मात्र उजवा हात पुढे केलेला. म्हणजे ही आई नव्हे, असं म्हणून त्याने तिला तीस वर्षं बाजूला सारलं होतं.

आरशात तोच हात डावा होता. धुराड्याची गंमत सगळ्यांना सांगणाऱ्या त्याला हाताचं कधी सुचलंच नव्हतं.

"ताई, इकडे ये. चित्रात नको, आरशात बघ."

ताई बराच वेळ बघत राहिली. "आईच," ती म्हणाली. "कपडे कुठे धुतेय पण?"

हात पाण्याकडे होता. पुढे पाण्यात एक काळा ठिपका. आजवर त्याला ती बादली वाटायची. त्याने चित्र उतरवून भिंग लावलं. बादलीला इवलेसे दोन हात होते.

"मी तर घरी झोपलो होतो ना? तूच सांगितलंस."

"सगळ्यांना तेच सांगितलं." ताई खाली बसली. "तू दारात आलास तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. मी दहा वर्षांची. घाबरले, कपडे बदलून तुला पांघरुणात घातलं."

त्याने भिंग वर सरकवलं. बाईचं तोंड उघडं होतं. त्याला वाटायचं, गातेय. तिची नजर पाण्याकडे नव्हती, थेट चित्रकाराकडे होती.

"समोरच बसला होता तो," फ्रेमवाला म्हणाला. "काढत."



बारा वाजता गिऱ्हाईक येणार होतं. थोड्या वेळाने तो उठला, आरसा पालथा घातला आणि चौकटीच्या कोपऱ्यांना खिळे ठोकायला बसला.