काळूची भीती

दादा गेल्यापासून द्राक्षबागेतली पाखरं हाकलायला मी पाइपाच्या बंदुकीचा बार काढतो. पहिल्याच बाराला पाखरांआधी दादाचा वर्षभराचा कुत्रा काळू पळाला आणि पंपघरात थरथरत बसला. दचकलो मीही होतो, पण पळायला मला जागा नव्हती.

काळूनं खाणं जवळजवळ सोडलं. “असा उपाशी मरेल हो. त्यापेक्षा द्या कुणाला तरी,” वहिनी म्हणाल्या. हात मात्र त्याच्या मानेवरच होता.

मग युक्तीही त्यांनीच काढली. काळू दूध-भाकरीला तोंड लावायचा, तेव्हा मी लांब बांधावरून ताटली वाजवायची आणि रोज चार वेली जवळ यायचं. पन्नाशीत मला ही बढती मिळाली.

“भावजी, जोरात वाजवा! आरती नाही चाललीय.”

महिन्याभरानं ताटलीच्या जागी बंदूक आली. आज बार झाला, तरी काळू खातच राहिला.

“गेली बाई एकदाची भीती!” वहिनी हसल्या. किती दिवसांनी!

मी काळूच्या बरगडीवर हात ठेवला. आत काळीज धडधडत होतं. दादाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, सगळे रडले आणि मी माझी चप्पल कुठं काढली ते आठवत होतो. ‘धाकटा खंबीर आहे,’ असं लोक म्हणाले होते.

बंदूक पंपघरात ठेवून मी घरी आलो.

“भावजी, ताट वाढलंय.”

मी बसलो आणि सगळं खाल्लं.