खाली बसल्यावर कळणारी खिडकी

खटक्‌-खट, खटक्‌-खट. आमच्या विणकर आळीतल्या विटांच्या सातही घरांतून मागांचा हा आवाज यायचा. शाळेतल्या कविता मी त्याच तालावर पाठ केल्या.

आज शेजारचा सुभाष त्याचं घर पाडायला ठेकेदार घेऊन आला. आमची मधली भिंत एकच, म्हणजे माझंही घर हलणार.

माझी खिडकी बघून ठेकेदार हसला. "आजोबा, गुडघ्याएवढ्या उंचीवर खिडकी? गवंडी चुकला की!"

"पावणं, खाली बसा की जरा."

तो बसला, तसं मी सांगितलं: विणकर मागाखालच्या जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. सुतावर उजेड पडावा म्हणून खिडकी खाली.

"भिंतीला हात लावू देणार न्हाय," मी ठणकावलं. मंडळी, चुकलं का माझं?

हे लिहितोय तोवर दारात सुभाष, एकटाच. "काका, आमच्या घरातबी अशीच खिडकी होती, मीच बुजवलीया. उघडून बघूया का?"