चुरीत टाकलेला राक्षस

त्या दिवशी घरात आमी पाच जण होतो. मी कौसाबाई, माझी पोरगी नंदा, जवाईबुवा दिलीपराव, त्यायची आई गयाबाई म्हंजे माझी इहीण, आन जेवणाले बोलावलेले नागपूरचे बोंद्रे साहेब. त्याच्याशिवाय तेरा बाहुले होते. सगळ्यात शहाण्यासारखे तेच वागले.

बाहुले जवाईबुवाचे. जवाईबुवा सौसरले मास्तर हायेत. वय पंचेचाळीस, डोक्यावर केस पन्नास. त्यायच्या लहानपणी टीव्हीवर आभाळातल्या लढाईची एक मालिका लागे. तिच्यातले सेनापती, राक्षस, राण्या यायचे वीतभर बाहुले मिळतेत, हातपाय वळणारे. जवाईबुवा ते बारा वर्षांपासून जमा करून राहिले. शाळेतले मास्तर त्यायले हासत. घरात त्यायची मायच हासे. मी हासत नव्हती. (जवायाच्या घरी राहून जवायाले हासाव, इतकी मी शिकलेली नाही.) पदर तोंडाले लावून खोकत होती फक्त.

मी राहाणारी पांढुर्ण्याची. डोळ्याचं आपरेशन झालं मनून नंदानं मले महिन्याभरासाठी सौसरले आणून ठेवलं. दोन वेळचं आयतं खाऊन माझ्या हाताले खाज सुटली होती.

तेवढ्यात हे बोंद्रे साहेबाचं निघालं. नागपूरले अशा बाहुल्यायचं प्रदर्शन भरणार होतं. साहेब त्यातले पारखी. ते घरी येऊन पाहणार, अस्सल कोणता, नकली कोणता ते सांगणार. अस्सल निघाला तं तो नागपूरले काचेच्या पेटीत बसणार, आन खाली जवाईबुवाचं नाव!

"मामी," जवाईबुवा मले म्हणाले, (सासूले मामीच म्हणतेत ते) "एक जरी पास झाला न, तं बारा वर्षांचं लोकायचं हासणं बंद होईन."

त्यायचे डोळे असे भरून आले का माझा खोकलाच बंद झाला.

रविवारी सकाळी ते साहेबाले आणाले बसस्टँडवर निघाले. जाता जाता दारातून वरडले, "नंदा, बाहुले टेबलावर मांडून ठेव! धूळ नुसती फुंकरीनं उडवजो!"

नंदा वांगे भाजून राहिली होती. तिनं तिथूनच मले सांगतलं, "आई, तेवढं करतं का वं?"

आता तुमीच सांगा, फुंकरीनं कुठं माल साफ होते?

मी तीस वर्षं पांढुर्ण्याले संत्र्याच्या ढिगावर बसली. माझे मालक वारले तवा नंदा अंगावर पीत होती. तिले झाडाच्या झोळीत टाकाव आन माल निवडाव. उन्हाळ्यात पाठ भाजे, थंडीत बोटं फुटत. रडाले टाइम नव्हता, ढीग समोर राहे. तीन वाटे कराचे. पयला नंबर, दुसरा नंबर, आन चुरी. चुरी म्हंजे डागाचा, पोचट, बेकार माल. व्यापारी म्हणत, "कौसाबाईच्या हातून गेला म्हंजे दुसऱ्यांदा पाहायचं काम नाही." तं मले बाहुले पारखता येणार नाहीत? अस्सल-नकली निवडून ठेवलं तं साहेबाचाबी टाइम वाचन, जवाईबुवाचीबी इज्जत राहीन!

मी अंगणात बसली. एका बाजूले पाण्याची बादली, एका बाजूले चिंचेचा कोळ. पितळेचं भांडं चिंचेनं निघते, मंग सोन्याच्या टोपाचा सेनापती काहून नाही निघणार?

निघाला! असा निघाला का सारा सोनेरी रंग माझ्या तळहातावर आला, आन खालून पांढराशुभ्र टोप बाहेर पडला. मी मनलं, बाप्पा, बारा वर्षांची घाण किती साचली होती पाहा!

"कौसाबाई, काय करून राहिल्या?" इहीणबाई आल्या खुर्ची घेऊन. माझ्या समोर बसल्या, पाय पसरून.

"माल निवडून राहिली."

"तो संत्रा नाही, बाहुला होय."

"माल तो माल. साल पाहा, वास पाहा, डाग पाहा. पारख एकच राहाते."

एका राणीच्या गालावरचा घाव चिंचेनं साफ गेला. कशी नवरीवानी दिसाले लागली! हात ताठ. वळवला तं कट्‌ आवाज आला. म्हंजे माल टणक. हुंगला तं नव्या प्लास्टिकच्या बादलीसारखा करकरीत वास. म्हंजे ताजा. टाकली पयल्या नंबरात! अशे दहा निघाले. धुवून पुसून, वरून खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवले. उन्हात असे चमकत होते का माझंच मन भरून आलं.

तीन मात्र वाया गेलेले. त्यातला एक राक्षस होता, चिखलानं भरलेला. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर चिखल, दाढीत चिखल. चिंच लावली, नाही निघाला. राख लावली, नाही निघाला. नारळाच्या शेंडीनं अर्धा घंटा घासला, माझ्या बांगड्या तापल्या, पण त्याचा चिखल तसाच! त्यात हातपाय असे ढिले का इकडं वळवा, तिकडं वळवा, आवाजच नाही. वासही नाही कायचा.

"पिकून गेला हा," मी मनलं. "डाग आतपर्यंत आहे. चुरी!"

"मले तं हाच चांगला वाटते," इहीणबाई म्हणाल्या.

"काहून?"

"माह्याकडं पाहून राहिला तो. बाकीचे सारे आभाळात पाहून राहिले."

"अवो इहीणबाई, तुमी जिंदगीत एक तरी ढीग निवडला का?"

"मी पाच लेकरं निवडले," त्या म्हणाल्या. "त्यातला एक तुमच्या पोरीले दिला."

मी राक्षसाले चुरीच्या टोपल्यात जोऱ्यानं फेकलं, बाकीच्या दोघायच्या अंगावर.

टोपलं मी ओसरीच्या कोपऱ्यात सरकवलं. पयला नंबर टेबलावर मांडला, एका रांगेत. तेवढ्यात अंगणातल्या पेरूवर पोपट बसले. इहीणबाई उठल्या, टोपल्यातून राक्षस उचलला, त्याच्या कमरेले सुतळी बांधली आन दिला पेरूले टांगून!

"तुमचा बेकार माल, माह्या पेरूच्या कामी आला," म्हणाल्या.

पोपट खरंच उडाले. मले मान्य कराव लागलं.

अन् फाटक वाजलं.

पुढं जवाईबुवा, मागं बोंद्रे साहेब. साहेब बारीक, चष्मा जाड. फाटकातून दोन पावलं आत आले आन पेरूखाली खुट्ट उभे राहिले. वर पाहाले लागले. तोंड उघडं ते उघडंच.

"हे... हे कोणी टांगलं?"

जवाईबुवानं वर पाहिलं. त्यायचा चेहरा धुतलेल्या सेनापतीसारखा पांढरा झाला.

मी इहीणबाईकडं बोट दाखवलं. इहीणबाईनं माझ्याकडं.

"यायनंच त्याले चुरीत टाकलं!"

"पण टांगला तं यायनं!"

"मामी," जवाईबुवा हळूच म्हणाले, "फुंकर मारजा मनलं होतं ना..."

साहेबानं चपला काढल्या (देवळात काढतेत तशा), टाचा उचलल्या, आन राक्षसाले फांदीवरून दोन्ही हातांनी उतरवलं. पाठ पाहिली. गुडघे वळवून पाहिले. चिखलावर नख फिरवलं.

"अस्सल!" म्हणाले. "हा चिखल कारखान्यातच रंगवलेला होय. सांधे पाहा कसे वळतेत, आवाज नाही. आन याले कोणी घासूनबी पाहिलं दिसते, तरी रंग हालला नाही. मास्तर, असा तुकडा मी दोनदाच पाहिला!"

 मंग आमी दोघी एकदमच बोललो.

"मीच घासला!"

"मीच टांगला!"

साहेब आत गेले. टेबलावरचे माझे दहा पयले नंबर पाहून चष्मा पुसला. मंग पुन्हा पुसला.

"हे सारे नकली. अस्सलचा रंग जात नाही, यायचा गेलेला दिसते. सांधे कटकट वाजतेत. वासही नव्या प्लास्टिकचा. पण यायले तेल काहून लावलं?"

मी तेलकट हात पदराखाली घेतले. नंदा आत वांग्याच्या भरतात मीठ टाकत होती. त्या दिवशी तिनं तीनदा टाकलं.

"अजून काही हाय का?" साहेबानं इचारलं.

"ओसरीत टोपलं हाय," मी मनलं. "पण तो बेकार माल होय."

टोपल्यातले उरलेले दोनही अस्सल निघाले.

जवाईबुवा खुर्चीवर बसले. पयले त्यायनं टोप गेलेल्या सेनापतीकडं पाहिलं. तो त्यायचा सगळ्यात लाडका होता, सहा वर्षं कोणाले हात लावू दिला नव्हता. मले वाटलं आता हा माणूस रडते, आन मी आजच्या आज पांढुर्ण्याची बस पकडते. पण त्यायनं राक्षसाले मांडीवर घेतलं, त्याची सुतळी सोडली आन असे हासाले लागले का त्यायची माय भेवली.

"आई," ते इहीणबाईले म्हणाले, "पास झाला वं! एक नाही, तीन!"

इहीणबाईनं पदरानं डोळे पुसले. "मी कधी हासली रे तुले," म्हणाल्या. (रोज! माझ्यासमोर!)

तिन्ही बाहुले नागपूरले गेले. काचेच्या पेटीत बसले, खाली नाव लागलं. शाळेतले मास्तर बस करून पाहाले गेले, येताना फोटो घेऊन आले. इहीणबाई आता गल्लीत सांगतेत का पारख आपल्या रक्तातच हाय.

आन माझी तीस वर्षांची पारखही वाया नाही गेली. जवाईबुवानं नवा बाहुला आणला का पयले माझ्याकडं पांढुर्ण्याले येतेत. "मामी, पाहा बरं." मी घासून, हुंगून, हात वळवून "पयला नंबर!" मनलं का बिचारे चूपचाप वापस करून येतेत. "बेकार" मनलं का पेढे आणतेत.

तं वाचणाऱ्या बाया-बापड्यांनो, तुमच्या घरी असे बाहुले असतीन तं घेऊन या, मी पारखून देईन. इतकंच करा, मी "बेकार" मनलं का माझ्या तोंडासमोर टाळ्या वाजवू नका.