प्लायवुडपलीकडचा कुकर

थोरलीचं म्हणणं साधं होतं. डाळीला तीन शिट्ट्या. चौथी झाली की ती डाळ राहत नाही, खळ होते. खुशाल पाकिटं चिकटवायला घ्यावी. हे ती आपल्या आईकडून शिकली होती, आणि आईला कुणी शिकवलं हे विचारायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी घरात आली. दिसायला गरीब, आवाज गोड. पहिल्याच आठवड्यात ती कुकरपाशी उभी राहून म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे पाच करतात. अजून दोन होऊ देऊ का?"

त्या 'आमच्याकडे'ने थोरलीला जी मिरची लागली ती लागलीच. तरी ती वर्षभर गप्प राहिली. म्हणजे, तिच्या हिशेबाने गप्प. भांडी जरा जोरात ठेवायची एवढंच. पण एकदा चार पाहुणे जेवायला बसलेले असताना धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "डाळ थोडी कच्ची लागते का हो?" पाहुण्यांनी ताटात डोकी घातली. थोरलीने वाढायचा डाव पातेल्यात ठेवला आणि त्या दिवसापासून धाकटीशी बोलणं बंद केलं. धाकटीही काही कमी नव्हती. तिनेही तोंडाला कुलूप घातलं.

दोन शिट्ट्यांच्या फरकावरून घर फुटलं असं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण फुटलं. सासरे गेल्यावर मोठ्या स्वयंपाकघराच्या मधोमध प्लायवुडची भिंत उभी राहिली, जिन्यावर उघडणारं मागचं दार धाकटीकडे गेलं, आणि भांड्यांची वाटणी झाली. वाटणी दोघा भावांनी केली, म्हणजे ती कशी झाली असेल ते वेगळं सांगायला नको. कुकर थोरलीकडे गेला आणि कुकरच्या आतले डबे धाकटीकडे. दोघे भाऊ हात झटकून म्हणाले, झालं समसमान! थोरलीने मग बाजारातून डबे आणले, ते बोटभर उंच निघाले आणि कुकरचं झाकण लागेना. धाकटीने नवा कुकर आणला, त्यात जुने डबे लोटक्यात खडे वाजावेत तसे खडखडायचे. पण एकीने दुसरीकडे मागितलं नाही. भाऊ मात्र रोज एकाच स्कूटरवर बसून कामाला जात होते. घराची वाटणी करताना स्कूटर राहून गेली होती आणि त्यांना त्याची आठवण करून द्यायची कुणाला गरज वाटली नाही.

आता प्लायवुड म्हणजे काही भिंत नव्हे. पलीकडे कांदा चिरला तर अलीकडे डोळ्यांत पाणी यायचं. पहिल्याच सोमवारी दोघींनी एकाच वेळी कुकर लावले. थोरली पुढच्या खोलीत नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. एक, दोन, तीन ऐकल्या आणि तिने हाक दिली, "अहो, गॅस बंद करा!" नवरा आज्ञाधारक. त्याने बंद केला. जेवायला बसल्यावर डाळ दातांखाली करकरायला लागली. नवऱ्याने दोन घास निमूटपणे चावले आणि मग हळूच विचारलं, "ही नवीन पद्धत आहे का?"

झालं होतं असं, की तीनमधल्या दोन शिट्ट्या पलीकडच्या होत्या. पलीकडेही तोच घोळ झाला होता. धाकटीच्या पाचांत थोरलीची एक घुसली होती, आणि वर दोघीही एकाच निष्कर्षावर आल्या होत्या: ही बया मुद्दाम करते.

इथे थोरलीच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, नाहीतर तिचा स्वभाव कळायचा नाही. बस डेपोत हरवलेल्या सामानाची एक खिडकी असते, तिथे ती बसायची. छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर कुणाचा तरी दातांचा सेट. माणूस आला की ती विचारायची, "काय हरवलंय? खूण सांगा." छत्री समोर दिसत असली, माणूस बोट दाखवत असला, तरी मुठीचा रंग सांगितल्याशिवाय छत्री हलायची नाही. ज्याचं हरवलं त्याने यावं, मागावं, मग मिळेल. खिडकीतून उठून कुणाच्या मागे धावायचं नाही, हा तिचा नियम होता. घरीही तोच लावला होता. धाकटीला आपण हव्या असू तर धाकटीने यावं. आपण का जायचं?

धाकटी काही आली नाही. पण एक गोष्ट झाली. ती थोरलीच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत थांबायला लागली. इकडे गॅस बंद झाला की तिकडे काडी ओढल्याचा आवाज यायचा. न बोलता ठरलेला हा करार थोरलीने स्वतःचा विजय म्हणून जाहीर केला. "आली की नाही वठणीवर?" ती नवऱ्याला म्हणाली. नवरा म्हणाला, "कोण?" तिने पुढे काही सांगण्यात वेळ घालवला नाही.

स्वतःचा कुकर उतरवला की थोरलीला खरं तर तयारी करून डेपो गाठायचा असायचा. पण ती ओट्यापाशी रेंगाळायची. पलीकडची पहिली शिट्टी झाली की तिचे कान टवकारायचे. दोन झाल्या आणि बंद झाला, म्हणजे आज बटाटे. पाच झाल्या, डाळ. "पाच!" ती प्लायवुडकडे बघून नाक मुरडायची, पण पाचवी ऐकल्याशिवाय पिशवी उचलायची नाही. एखाद्या दिवशी कुकर लागलाच नाही तर ती दिवसभर अस्वस्थ असायची आणि खिडकीवर लोकांवर खेकसायची. संध्याकाळी नवऱ्याला आडून आडून विचारायची, "तुमच्या भावाकडे सगळं बरं आहे ना? नाही, मला काय करायचंय. सहज विचारलं."

मध्ये एकदा पलीकडच्या कुकरने शिट्टी द्यायचीच बंद केली. नुसता फुसफुसायचा. थोरलीने तिथूनच निदान केलं: रिंग गेली, वाफ कडेने निसटतेय, गॅस फुकट चाललाय आणि या बयेला पत्ता नाही. दोन दिवस तिने दम धरला. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "भावाला सांगा, रिंग बदल." नवऱ्याने स्कूटरवर सांगितलं, भावाने हेल्मेटमधून "हो हो" केलं, आणि त्याने स्कूटरचीच कुठलीतरी रिंग बदलून आणली. शेवटी थोरली स्वतः दुकानात गेली, कुकरची रिंग आणली आणि धाकटीच्या दाराच्या कडीला अडकवून, चोरासारखी पळत घरात आली. दुसऱ्या दिवशी पलीकडे खणखणीत शिट्टी झाली. आभाराचा शब्द काही आला नाही. थोरलीला त्याचा फार राग आला, आणि त्या रागाच्या भरात तिने दिवसभरात एकाही माणसाला खूण न विचारता छत्र्या देऊन टाकल्या.

अशी चार वर्षं गेली. मग एका रविवारी चहा पिता पिता नवरा म्हणाला, "धाकट्याने घर घेतलंय. गावाच्या त्या टोकाला. महिनाअखेरीला जाणार."

थोरलीचा कप तिथेच थांबला. "बरं झालं," ती म्हणाली. "आता प्लायवुड काढून टाकू. मोठं स्वयंपाकघर मिळेल." आणि उठून आत गेली. आत तिला काहीच काम नव्हतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. तिला रडू येत होतं, आणि आपल्याला रडू यावं याचा त्याहून जास्त संताप येत होता. जाण्याआधी धाकटी भेटायला येईल. आलीच पाहिजे. आली की आपण मोकळ्या मनाने बोलू, मोठेपणा दाखवू. असं ठरवून थोरली वाट बघायला लागली. पलीकडे खोक्यांना चिकटपट्ट्या लागत होत्या. धाकटी आली नाही.

शेवटची सकाळ उजाडली. टेम्पो दुपारी येणार होता. थोरलीने नेहमीसारखा कुकर लावला आणि ओट्यापाशी उभी राहिली. पलीकडे आज काय आवाज येतोय ते ती ऐकत होती. काहीच येत नव्हता. कुकर बांधला असेल. डबे बांधले असतील. आता उद्यापासून इथे काय ऐकायचं? तिच्या कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. ती प्लायवुडच्या एका खिळ्याकडे बघत राहिली. अजून एक झाली, त्यानंतर अजून एक, आणि मग अजून एक.

"वहिनी!" पलीकडून आवाज आला. "अहो वहिनी, पाच झाल्या! तुमच्या तीन असतात ना? बऱ्या आहात ना तुम्ही?"

थोरलीने दचकून गॅस बंद केला. 

"माझ्या मोजतेस होय ग?" तिने विचारलं. आवाज दरडावणीचा काढायचा होता, तो जमला नाही.

"रोज मोजते," धाकटी म्हणाली. "तुमच्या तीन झाल्याशिवाय माझी सकाळच सुरू होत नाही."

म्हणजे पहिला शब्द धाकटीने टाकला होता. चार वर्षांची लढाई थोरली जिंकली होती, आणि जिंकून तिला करायचं काय हे तिला कळत नव्हतं. आता मोठेपणा दाखवायचा होता. काय काय बोलायचं ते सगळं पाठ होतं. ती तशीच, हातात फडकं घेऊन, पुढच्या दाराने बाहेर पडली आणि वळसा घालून मागच्या जिन्यावर, धाकटीच्या दारात उभी राहिली. धाकटीच्या केसांना चिकटपट्टीचा तुकडा लागला होता. मागे खोकी रचलेली होती. थोरलीला पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

"जाऊ नका ना ग," ती म्हणाली.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"हे एकदा म्हणाला असतात ना वहिनी," ती म्हणाली, "तर आम्ही घर बघायलासुद्धा गेलो नसतो."

 नव्या घराचे पैसे भरून झाले होते आणि टेम्पो दुपारी येणारच होता. थोरली आत आली, फडकं खांद्यावर टाकलं, आणि जमिनीवर बसून कपबशा कागदात गुंडाळायला लागली. धाकटी तिच्या शेजारी बसली. टेम्पोवाल्याने खालून तीनदा भोंगा वाजवला तरी दोघी उठल्या नाहीत.